अरण्याचे दफ्तर

दहा एकर किंवा त्याहून अधिक विस्ताराची ११,८४२ सरोवरे आपल्या हद्दीत असल्याची नोंद ज्याच्या दफ्तरी आहे, आणि तरीही ज्याच्या मोटारींच्या पाट्यांवर विनयाने १०,००० सरोवरांचाच उच्चार होतो, त्या मिनेसोटा राज्यात कन्येकडे वास्तव्यास आलेल्या आम्हां उभयतांना उत्तरेकडील अरण्यात नेण्याचा संकल्प जावईबुवांनी सोडला आहे. बेत सप्टेंबरातला, खटपट मात्र मे महिन्यातच सुरू झाली, कारण येथील राज्य उद्यानांतील मुक्कामाच्या जागा आगमनाच्या तारखेपूर्वी १२० दिवसांपासून राखून ठेवता येतात, आणि सरोवराकाठची जागा ज्याला हवी त्याने आळस केल्यास त्याच्या वाट्याला स्नानगृहाशेजारची जागा येते. सप्टेंबर अशासाठी की तोवर शाळा उघडलेल्या असतात, मेपल वृक्षांना रंग चढू लागतो आणि डासांचा अंमल बराचसा संपुष्टात आलेला असतो.

वनविहारासारख्या स्वच्छंद गोष्टीला अर्ज, मुदत आणि पावती कशाला, अशी तक्रार रसिक मंडळी करतात. ज्याची हयात महसूल खात्याच्या कचेरीत गेली, त्याला ती तक्रार पटणे कठीण. आणि ज्या इटास्का उद्यानात आम्हांस जावयाचे आहे त्याचा पूर्वेतिहास वाचल्यावर तर ती मला मुळातच निराधार वाटू लागली आहे. मिनिआपोलिसपासून वायव्येस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर त्या उद्यानातले इटास्का सरोवर आहे, आणि कन्येच्या घराजवळून जो प्रचंड ओघ वाहतो ती मिसिसिपी नदी येथे उगम पावताना इतकी कृश असते की धोंड्यांवर पाय देत बालकेही तिच्या पैलतीरी जातात. हेन्री स्कूलक्राफ्ट यांनी १८३२ साली हा उगम ‘शोधला’ असे ग्रंथांतरी लिहिलेले असते. त्यांना तेथवर वाट दाखवीत नेणाऱ्या ओझाविंडिब या ओजिब्वे पुढाऱ्याला त्या शोधाची गरज पडली नव्हती, हे ओघाने आलेच.

सरोवराभोवतीचे पाइन वृक्ष लाकूडतोड्या कंपन्यांच्या दृष्टीने निव्वळ इमारती लाकूड होते. जेकब ब्रोअर या सर्वेक्षकाने तगादा लावला, आणि १८९१ साली राज्याच्या विधिमंडळाने अवघ्या एका मताच्या आधिक्याने हे उद्यान स्थापन केले. कायदा झाला म्हणून तोड थांबली, असे मात्र घडले नाही. १९०३ साली उद्यानाचा कारभार पाहणारे अधिकारी निवर्तले आणि त्यांच्या जागी त्यांची चोवीस वर्षांची कन्या मेरी गिब्ज नियुक्त झाली, तेव्हा ओंडके वाहून नेण्यासाठी कंपनीने घातलेल्या बंधाऱ्यामुळे सरोवराचे पाणी चढून काठची झाडे बुडत होती. बंधाऱ्याचे दरवाजे उघडा, असा हुकूम तिने बजावला, आणि धाकदपटशा झाला तरी ती मागे हटली नाही. तोड पुढेही काही वर्षे चालू राहिली. तथापि आज त्या उद्यानात दोनशे वर्षांहून अधिक वयाचे तांबडे पाइन उभे आहेत, त्यांच्या पाठीशी कवींच्या बरोबरीने, किंबहुना कांकणभर अधिकच, अशा सनदी माणसांची चिकाटी उभी आहे, असे माझे मत आहे.

आता निवासाचा प्रश्न. जावईबुवांना ‘आर.व्ही.’ भाड्याने घेण्याची हौस आहे: शयनस्थान, शेगडी, शीतकपाट आणि शौचकूप ज्यात सामावले आहे असे हे चाकांवरचे बिऱ्हाड नेमलेल्या जागी नेऊन उभे करावे, चाकांखाली ठोकळे सारून ते समतल करावे, खांबावरच्या पेटीतून वीज घ्यावी आणि राजासारखे राहावे, असा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद सौभाग्यवतींनी टाक्यांच्या तपशिलापर्यंत शांतपणे ऐकला. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक पिण्याच्या पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, तिला करडी म्हणतात, आणि एक मैल्याची, तिला काळी. निघतेवेळी ठरावीक ठिकाणी जाऊन जाड नळी जोडून, हातमोजे घालून, आधी काळी आणि मागून करडी रिकामी करावयाची, म्हणजे दुसरीच्या साबणपाण्याने नळी आपोआप धुतली जाते. या योजनेतील चातुर्य निर्विवाद आहे, परंतु “हे काम कोण करणार?” एवढाच प्रश्न आमच्या मंडळींनी विचारला आणि मसलत तेथेच स्थगित झाली.

दुसरा पर्याय लाकडी केबिनचा. त्यातही प्रकार आहेत. ‘कॅम्पर केबिन’ म्हणून जी असते ती एकच खोली, आत एकावर एक अशा फळ्यांच्या शय्या आणि एक मेज, पुढे जाळी लावलेली पडवी. नळ नाही, स्वयंपाक बाहेर अग्निकुंडावर, अंथरूण-पांघरूण घरून न्यावयाचे. साठी उलटलेल्या माणसाने रात्री दोन वाजता विजेरी घेऊन शौचालयाकडे चालू लागावे, हा अनुभव काव्यमय असेल, पण तो तरुणांनी घ्यावा. म्हणून स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेल्या केबिनसाठी अर्ज करण्याचे ठरले.

अर्जासोबत नियमांचा जाहीरनामा वाचावयास मिळाला, आणि त्यातील सरपणाचे कलम मला विशेष भावले. बाहेरचे सरपण उद्यानात आणण्यास मनाई आहे. मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच ते घ्यावे लागते. कारण असे की, आशियातून आलेला आणि २००२ साली मिशिगन राज्यात प्रथम ओळखला गेलेला एक हिरवा चकचकीत भुंगा अॅश वृक्षाच्या सालीखाली अळीच्या रूपाने लपून राहतो, अळ्या सालीखालचा रसवाही थर पोखरतात, आणि मोटारीच्या मागे टाकलेल्या चार ढलप्यांतून तो शेकडो मैलांचा प्रवास करतो. स्वतःच्या पंखांनी त्याला इतके अंतर तोडणे साधले नसते. आणखी उत्तरेस, कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेल्या दहा लाख एकरांहून मोठ्या ‘बाउंडरी वॉटर्स’ क्षेत्रात तर बंदोबस्त याहून कडक: १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामासाठी प्रत्येक प्रवेशनाक्यावर रोजच्या परवान्यांची संख्या मुक्रर, एका तुकडीत नऊच माणसे आणि चारच होड्या, पत्र्याचे डबे व काचेच्या बाटल्या वर्ज्य. तेथे दिवसभर वल्ही मारूनही मनुष्य भेटला नाही असे सांगणारे प्रवासी त्या एकांताचे श्रेय निसर्गाला देतात. थोडे श्रेय नाक्यावरच्या कारकुनाला द्यावयास हरकत नाही.

अस्वलांसंबंधीचे कलम वाचून सौभाग्यवतींनी लोणच्याची बरणी आणि मेतकूट यांची यादी पुन्हा तपासली, कारण खाद्यपदार्थ, खरकटी भांडी, इतकेच नव्हे तर दंतमंजनसुद्धा बाहेर ठेवता येत नाही. सारे काही आत, दार लावून. हे त्यांना ताबडतोब पटले. राहता राहिला मासेमारीचा विषय. ज्या राज्यात लाकडाच्या ढलपीलाही शिफारस लागते, तेथे बहुतेक राज्य उद्यानांत काठावरून गळ टाकण्यास रहिवाशाला परवाना लागत नाही, हे शोधून काढून जावईबुवा हर्षभरित झाले होते. परंतु चातुर्मासात ते मासे शिजवावयाचे कोणत्या भांड्यात, याबद्दलची घरची मंजुरी अद्याप आलेली नाही.