मुंबई की विदर्भ? पानठेल्यावरचा वाद राठोडच्या बॅटने मिटला, एक प्रश्न मात्र उरला

चंद्रपूर-गडचिरोलीत पानठेल्यावर क्रिकेटचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक मुंबईची, एक विदर्भाची. २०२५ च्या फेब्रुवारीत रणजीच्या सेमीफायनलला हेच दोन संघ समोरासमोर आले, मग काय विचारता!

मुंबईवाल्यांचा हिशेब सोपा होता. रहाणे, सूर्या, शिवम दुबे, शार्दूल आमच्याकडे, तुमच्याकडे कोण बे? वरून ४२ रणजी करंडक. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर फायनलला विदर्भाला १६९ धावांनी हरवलं होतं, तो टोमणा वेगळाच. (ज्यांच्या नावाचं ते स्टेडियम, ते शेषराव वानखेडे मूळचे आपल्या नागपूरकडचेच. हे सांगितलं की मुंबईवाले विषय बदलतात.)

जामठ्याला पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्या आणि दुबे तिघांनाही घरी धाडलं. पण दुसऱ्या डावात विदर्भाचे चार गडी साठच्या आत गेले, तेव्हा मोबाईलवर मॅच पाहणारे आपले पोट्टे गपगार झाले होते. तिथून यश राठोडने १५१ केल्या, सोबतीला कर्णधार अक्षय वाडकर. विदर्भ ८० धावांनी जिंकला. माझ्या मते फायनलमधल्या दानिश मालेवारच्या १५३ पेक्षाही ही खेळी मोठी, कारण समोर मुंबई होती. केरळविरुद्धची फायनल २ मार्चला अनिर्णित सुटली, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला.

मुंबईवाल्यांचं मग नवीन सुरू झालं: करुण नायर कर्नाटकचा, ध्रुव शौरी दिल्लीचा, मग तुमचं काय? यावर राठोड, मालेवार, वाडकर आणि एका मोसमात विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे एवढी नावं पुरतात.

पण 'आपले' म्हणताना आपणही थोडं थांबावं. यातले बहुतेक नागपूरचे. आपल्याकडे धान निघालं की बांधीत पिच तयार होते, गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, लांबवर चेंडू फेकणारी पोरं दिसतात. लेदर बॉल आणि मॅट मात्र सगळ्यांना मिळत नाही. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, सिरोंच्याहून साडेतीनशेच्या घरात. सकाळच्या सरावाला कोण, कसा जाणार? राहायचं कुठं, खर्च कोण देणार?

उमेश यादव कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विशीपर्यंत तोही टेनिस बॉलच खेळला. पुढे २०११ मध्ये विदर्भाकडून भारताच्या कसोटी संघात जाणारा तो पहिला. पण त्याची वलनी खाण नागपूरजवळ. खाणी आपल्या घुग्घूस, बल्लारपूर, राजुऱ्यातही आहेत, खाणकामगारांची पोरंही आहेत. इथल्या एखाद्या वेगवान पोराला विसाव्या वर्षी लेदर बॉल हातात कोण देईल, यावर पानठेल्यावरच्या दोन्ही पार्ट्यांकडे सध्या उत्तर नाही.