पोटाची दुसरी शस्त्रक्रिया : घाई नको

जव्हार-मोखाडा म्हटले की १९९२ सालचे वावर-वांगणीचे बालमृत्यू आठवतात. त्याच भागातून आज आमच्याकडे विचारणा होते, "वजनासाठी पोटाचे ऑपरेशन केले, वजन पुन्हा वाढले. दुसऱ्यांदा करावे काय?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला हसू नका. लठ्ठपणा हा आजार आहे, आळस नव्हे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. उरलेली पिशवी काही वर्षांत सैल होऊ शकते. गोड चहा, सरबते, दिवसभरचे चरणे यांनीही वजन परतते. म्हणून आधी दुर्बिणीची तपासणी, मग आहार व औषधे. छातीत सतत जळजळ होत असेल तर मात्र बायपासचा विचार रास्त ठरतो.

दुसऱ्या वेळी आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतात. टाके गळण्याचा धोका पहिल्यापेक्षा अधिक. लोह, बी-१२ यांची औषधे जन्मभर चालतात.

दागिने गहाण टाकण्यापूर्वी पहिल्या ऑपरेशनचे कागद घेऊन दुसऱ्या सर्जनचे मत घ्या. आणि घरात बसून एकच हिशेब करा : मोखाड्याच्या पाड्यावरून तपासणीसाठी वर्षानुवर्षे मुंबई-नाशिक गाठणे जमेल काय? जमणार नसेल तर थांबा. जीव आधी, वजन नंतर.