डावा पाय, बास ड्रम!

ऑगस्ट लागला की आमच्या ऑफिसात बोटांना चिकटपट्ट्या लावलेली माणसं दिसायला लागतात. टायपिंग करताना विव्हळतात, पण चेहऱ्यावर तेज असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'पथक जॉइन केलंय यार!' संध्याकाळी मॅनेजरचा फोन न उचलणारी ही मंडळी नदीपात्रात जाऊन इमानेइतबारे रोज दोन तास ढोल बडवतात. उशीर झाला तर पळायच्या शिक्षाही खातात. फुकटात!

परवा शेजारच्या क्युबिकलमधल्या मुलीला म्हटलं, 'तू शाळेच्या बँडमध्ये आहेस, माहितीये?' तिने असं बघितलं, जसं काही मी तिचं अप्रेझल खराब लिहिलंय.

पण बॉस, खोटं नाही. पुण्याची ही पथकं शाळांमधून आलेली आहेत. अप्पा पेंडसेंनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. मावळ-मुळशीकडच्या गावांमधला ढोल शाळेच्या पोरांच्या कमरेला बांधायची कल्पना त्यांच्याकडचीच. मग रमणबाग, गरवारे अशा शाळांची पथकं आली. पोरं पास होऊन बाहेर पडली, पण ढोल काही सोडवेना. माजी विद्यार्थ्यांची पथकं झाली, त्यातून आणखी पथकं फुटली आणि आता तुम्ही आयडी कार्ड खिशात टाकून तिकडे पळता. पुण्यातली सगळ्यात 'हॅपनिंग' गोष्ट म्हणजे शाळा संपल्यावरही न संपलेला शाळेचा बँड आहे.

आमच्या जळगावात बँड शाळेबरोबरच संपायचा.

आमचा बँड म्हणजे सहा साइड ड्रम, एक बास ड्रम, झांजा, चार बिगुल, पाच-सहा बासऱ्या आणि एक ट्रँगल. ट्रँगल कोणाला, तर ज्याला काहीच येत नाही पण ज्याचे वडील ओळखीचे आहेत, त्याला. बँडचे सर म्हणजे पीटीचे सर. सूर त्यांना कळायचा की नाही, देव जाणे; पाऊल मात्र कळायचं. कवायतीत मिनिटाला १२० पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. बास ड्रमचा ठोका पडला की डावा पाय जमिनीला लागलाच पाहिजे. चुकला की सरांची शिट्टी आणि मैदानाला दोन चकरा.

आमचे ड्रम चामड्याचे होते. पंधरा ऑगस्टला पावसाळी हवेत कातडं सैल पडायचं आणि 'थप थप' असा गादी झोडपल्यासारखा आवाज यायचा. मग मागच्या पटांगणात रद्दी पेटवून ड्रम शेकायचे. सव्वीस जानेवारीला मात्र कोरड्या थंडीत तोच ड्रम असा कडाडायचा की पोलिस कवायत मैदानावरची कबुतरं उडायची. त्यामुळे आमची देशभक्ती जानेवारीत जास्त खणखणीत असायची.

हा सगळा सरंजाम इंग्रजांच्या पलटणीतून आलेला. पलटणींना बँड लागायचा, बँडला वाद्यं लागायची. मेरठच्या नादिर अली कंपनीने १८८५ पासून हाच धंदा केला. पुढे तीच पितळी वाद्यं लग्नाच्या वरातीत गेली आणि शाळांतही आली. बिगुलाला तर बटणंच नसतात. फक्त फुंकर आणि ओठ, त्यातून निघणार मोजून पाच-सहा सूर. त्यामुळे आमच्याकडे 'प्रोग्रॅम' एकच, वर्षानुवर्षं तोच. गणवेशाला मार्क, रांगेला मार्क, सॅल्यूटला मार्क. वाजवलं काय, हे कोणी ऐकायचंच नाही. एकदा आंतरशालेय स्पर्धेला एसटीने धुळ्याला गेलो होतो. आमची अर्धी पोरं बेसूर होती, तरी दुसरा नंबर! पहिला नंबर मुलींच्या एका शाळेने नेला. त्यांच्या साइड ड्रमवाल्या मुली असल्या सॉलिड होत्या, की परतीच्या एसटीत अंमळनेर येईपर्यंत कोणी बोललं नाही. (कारणं दोन होती. दुसरं इथे लिहिण्यासारखं नाही.)

मुळातला हाच फौजी बँड अमेरिकेत गेला आणि तिथे त्याचं भलतंच काहीतरी झालं. १९०७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने मैदानावर रांग मोडून 'पी' हे अक्षर काढलं आणि लोक वेडे झाले. १९२३ मध्ये शिकागोत शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पैसे कोणाचे? वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांचे! शाळाशाळांत बँड झाले तर ट्रंपेट खपणार, साधा हिशोब. गावात बँड काढून देतो म्हणून वाद्यं विकणाऱ्या लबाड सेल्समनवर 'द म्युझिक मॅन' नावाचं अख्खं संगीत नाटक आहे, यात सगळं आलं. पण त्या स्पर्धांनी एक केलं. परीक्षक कान देऊन ऐकायला लागले. १९७६ पासून 'बँड्स ऑफ अमेरिका'च्या स्पर्धा सुरू झाल्या. आता तिथली हायस्कुलं स्टेडियमभर नाचत, आकार बदलत, झेंडे उडवत अख्खा शो करतात. खर्च ऐकलात तर चक्कर येईल. आई-बाप केक विकून पैसे जमवतात. मला त्या झगमगाटाचा हेवा वाटत नाही. ऐकणाऱ्या परीक्षकाचा वाटतो.

आपल्याकडेही आता राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत फायनल. २०२५ च्या स्पर्धेसाठी राज्य पातळीवर ५६८ बँड उतरले, मुलं १३,९९९. (एक पोरगं कुठे राहिलं, भो? ट्रँगलवालाच असणार.) त्यातून फायनलला १६. झकास! फक्त गट दोनच, ब्रास बँड आणि पाइप बँड, मुलांचे आणि मुलींचे वेगळे. म्हणजे साक्रीकडच्या आश्रमशाळेतल्या पोराने पावरी कितीही जीव ओतून वाजवली, तरी त्याला रकाना नाही. लेझीमलाही नाही.

रकान्यावरून आठवलं. साइड ड्रमवर माझ्या शेजारी एक मुलगा असायचा. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये होते. आम्ही महिनाभर 'एक-दोन, एक-दोन' घोकायचो, ते हा एकदा ऐकून वाजवायचा. रोल तर असा, जसं ताडपत्रीवर तांदूळ ओततायत. सरसुद्धा अडलं की त्याच्याकडे बघायचे. नववीच्या सहामाहीत गणितात गचकला आणि शाळेने त्याला बँडमधून काढला. नापासांना बँड नाही, असा नियम होता. त्यावर एक शिक्षक भर वर्गात म्हणाले, 'शेवटी बापासारखा वरातीतच वाजवणार ना?' वर्ग हसला. मीही हसलो. दहावीला तो नव्हता.

आता नदीपात्रातला ढोल ऐकताना मला ते वाक्य आठवतं. इंजिनिअरच्या कमरेला असला की तो कल्चर असतो, पॅशन असतो, प्रोफाइल फोटो असतो. वाजवून पोट भरणाऱ्याच्या गळ्यात आला की तो 'बँडवाला' होतो आणि आपण त्याला 'ए, नागीण लाव' म्हणतो. आमच्या शाळेतल्या त्या पोराला माजी विद्यार्थ्यांचं पथक मिळालं असतं तर? पुण्यात निदान ती सोय होती.

मागच्या मे महिन्यात आतेभावाच्या लग्नाला धुळ्याला गेलो. खान्देशातली वरात म्हणजे गाडीवर कीबोर्ड, माइकवर गायक, भोंग्यातून अहिराणी गाणी आणि गाडीमागे घामाने निथळणारे ड्रमवाले. त्यातला एक माझ्याकडे सारखा बघत होता. मी टाळतोय असं वाटल्यावर त्यानेच हाक मारली.

'काय भो! ओळख बी द्यायची नाही का?'

तोच. मिशा आल्या होत्या, पोट सुटलं होतं, मनगटं तशीच. सीझनमध्ये बँड, एरवी रिक्षा, असं म्हणाला. मी काय करतो ते त्याला कोणीतरी सांगितलेलं होतं. मला त्या नववीबद्दल काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात गाणं संपलं, गायक पाणी प्यायला वळला आणि याने काठ्या उचलल्या.

खर्र... खर्र... ढम!

आमच्या शाळेचा मार्च. एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. नवरदेवाची घोडी, पैठणीतल्या बायका, कोल्ड्रिंकची बाटली हातात घेतलेले मामालोक, सगळे नकळत ताठ चालायला लागले. माझा डावा पाय तर कधीच पडला होता.

आत्याने वळून विचारलं, 'हे कोणतं गाणं रे?'

मी सांगेपर्यंत गायक परत आला होता आणि नागीण सुरू झाली होती.