जुने इंजिन, नवा हिशेब

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून ‘पद्मिनी’ टॅक्सी अधिकृतपणे नाहीशी झाली. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची, आणि शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची; तेव्हा नियमाचे गणित सरळ होते. चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि विषय मिटला. परंतु मुंबईत जिला निरोप दिला गेला, ती मोटार आमच्या वऱ्हाडात अजूनही काही घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे, आणि काही हौशी मंडळी तिचे इंजिन उतरवून, घरच्या अंगणात खोलून, ते पुन्हा बांधण्याच्या उद्योगाला लागली आहेत. हा रिकामपणचा छंद समजावा, की समाजाच्या हिशेबात त्याला काही जागा आहे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

या मोटारीचा इतिहास महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासाशी निगडित आहे. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट मोटारी तयार होऊ लागल्या, आणि १९७४ पासून त्याच घाटाची गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या जोडीला उत्तरपाड्याची ‘अॅम्बॅसिडर’. परवाना-पद्धतीच्या त्या काळात मध्यमवर्गीयाला निवडीस वाव जवळजवळ नव्हता, आणि पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ आली आणि ही कोंडी फुटू लागली. हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच की, त्या काळातील दुरुस्तीची संस्कृती ही प्रामुख्याने टंचाईची अपत्य होती. नवी वस्तू मिळत नव्हती म्हणून जुनी जपली जात होती. टंचाईला सद्गुण ठरवून तिचे गोडवे गाणे हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचा धर्म नव्हे.

तथापि, टंचाईतून निर्माण झालेले कौशल्य टंचाईबरोबरच नष्ट व्हावे, असे मात्र नाही. इंजिन बांधणे म्हणजे काय, हे जरा तपशिलाने पाहू. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टनच्या रिंगा जिथवर चढतात त्या वरच्या टोकाला ज्वलनाचा दाब सर्वाधिक आणि तेलाचा पुरवठा सर्वांत कमी, म्हणून झीज तेथे अधिक. शिवाय पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो ती बाजू जास्त घासते आणि गोल बोअर किंचित लंबगोल होतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. ती गेज लावून मोजावी लागते. मर्यादेत असेल तर नव्या रिंगांवर भागते; नसेल तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागतात. बेअरिंगच्या टोप्या ज्या जागेवरून काढल्या त्याच जागी आणि त्याच दिशेने परत गेल्या पाहिजेत. हेडचे नट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या बळाने, टप्प्याटप्प्याने आवळले पाहिजेत, अन्यथा गॅस्केट फुंकलेच म्हणून समजावे. मोजल्याशिवाय निष्कर्ष नाही आणि क्रम चुकवून फळ नाही, ही शिस्त आम्ही वर्गात शब्दांनी शिकवतो. इंजिन ती हाताला शिकवते.

हे सारे काम घरी होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. खोलणे, धुणे, मोजणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे आणि जोडणे घरी होते. बोअर करणे आणि क्रँक घासणे यांसाठी यंत्रशाळेत जावेच लागते. म्हणजे घरच्या हौसेमागे गावचा लेथवाला उभा असतो. अकोटसारख्या कापसाच्या गावी हा कारागीर मुख्यतः जिनिंगची यंत्रे, विहिरीवरची इंजिने आणि ट्रॅक्टर यांच्यावर जगला. मृगापूर्वी वखर-तिफण नीट करून ठेवण्याची जी रीत सुतार-लोहारांच्या आधाराने चालत आली, तिचाच हा यंत्रयुगातील अवतार. त्याचा धंदा टिकला तर शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पेरणीच्या ऐन दिवसांत अडून राहत नाही. हौशी माणसाचे एक इंजिन त्याला जगवणार नाही. परंतु बारीक मापाचे काम मागणारे गिऱ्हाईक त्याचा हात तयार ठेवते.

आता हिशेबाकडे वळू. बाजाराच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. बहुतेक वेळा सुटे भाग आणि यंत्रशाळेची मजुरी धरली की खर्च गाडीच्या किमतीला गाठतो, आणि घरच्या माणसाचे तास तर कोणी धरतच नाही. पण न धरण्याचा हा दोष केवळ या छंदाचा नाही, आपल्या मोजपट्टीचाही आहे. एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवून दिली. मजुरी देऊन केलेली दुरुस्ती उत्पन्नात मोजली जाते, स्वतःच्या हाताने केलेली मोजली जात नाही. आणि त्या दुरुस्तीतून माणसात जे ज्ञान साठते त्याची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. यंत्रावरचा घसारा आपण काटेकोरपणे लिहितो. कौशल्यावरचा घसारा लिहायला रकानाच नाही.

या विचाराला गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळता कामा नयेत. जुन्या इंजिनाचा धूर आजच्या निकषांत बसत नाही. जुन्या गाडीत अपघातापासून आजच्यासारखे संरक्षण नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल-पंपाचे पडदे त्याने खराब होऊ शकतात आणि गळतीतून आग लागण्याचे भय राहते. म्हणून रोजच्या ये-जा करण्यासाठी अशा मोटारी वापराव्यात, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. प्रश्न रोजच्या वाहनाचा नसून वर्षाकाठी थोडे धावणाऱ्या, जपून ठेवलेल्या वाहनाचा आहे.

नेमका हाच फरक करण्यात आपले नियम अपुरे पडतात. २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे स्वागतार्हच होते. परंतु सत्तरच्या दशकातील थोड्या गाड्या सोडल्या, तर ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतल्या पद्मिनी या व्याख्येबाहेर राहतात. त्यांना दर पाच वर्षांनी सामान्य मोटारीप्रमाणेच नूतनीकरण करावे लागते. हलक्या मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. भंगारात काढण्याजोगी गाडी आणि जतन करण्याजोगी गाडी यांना एकच तराजू लावला गेला. दुसरी अडचण व्याख्येतच आहे. व्हिंटेज मोटारीच्या इंजिनात बदल झालेला असू नये, अशी अट आहे. आता झिजलेला बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला, तर या इंजिनाचे आकारमान सुमारे १६ घन सेंटिमीटरने वाढते. हा बदल मानायचा की दुरुस्ती? उत्तर निरीक्षकाच्या मर्जीवर सोडणे न्याय्य नव्हे.

यास्तव तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, तीस ते पन्नास वर्षांच्या जतन केलेल्या मोटारींसाठी वर्षाकाठी ठरावीक किलोमीटरांच्या मर्यादेत माफक शुल्काची वेगळी नोंदणी असावी. दुसरी, मूळ नमुन्याबरहुकूम केलेली इंजिन-दुरुस्ती हा ‘बदल’ नव्हे, असे नियमात स्पष्ट लिहावे. तिसरी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार-मेकॅनिक विभागाच्या कार्यशाळा सुटीच्या दिवशी, निदेशकांच्या देखरेखीखाली, अल्प शुल्कात नागरिकांना खुल्या कराव्यात. मापे घेण्याची साधने तेथे आहेत. घरोघरी ती असणे शक्य नाही.

ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी २०२२ मध्ये समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे आणि मोटारीही तिच्या कक्षेत घेतल्या. हक्क कागदावर येईल. पण दुरुस्ती करणारे हातच उरले नाहीत, तर तो बजावणार कोण? बंद पडलेली वस्तू खोलून पाहण्याचे धाडस ज्या समाजात उरत नाही, तो समाज कितीही खरेदी करू शकत असला तरी दुसऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून राहतो. पडवीतील पद्मिनी पुन्हा सुरू झाली नाही तरी देशाचे फारसे बिघडणार नाही. ती सुरू करता येणारा माणूस गावात उरला नाही, तर मात्र बिघडेल.