गुणवत्तेचे सोवळे

दिवाळीत आमच्या एडवणला ओट्यावर फराळाची ताटे आली, की क्रिकेटच्या गप्पांना ऊत येतो. गेल्या खेपेस विषय निघाला दक्षिण आफ्रिकेचा. संघात सरासरीने सहा खेळाडू गौरेतर आणि त्यांतले दोन तरी कृष्णवर्णीय आफ्रिकी असावेत, असे लक्ष्य तिथल्या क्रिकेट मंडळाने २०१६ साली ठरवले होते. एक गृहस्थ चकली मोडीत म्हणाले, "मास्तर, खेळात तरी गुणवत्ता राहू द्या हो! तिथे कसल्या आल्या राखीव जागा?" साऱ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मात्र घशात काहीतरी अडकले. ते काय, ते शेवटी सांगतो.

आधी मला एवढेच विचारू द्या, की ही गुणवत्ता १९७० पर्यंत कुठे माहेरी गेली होती? त्या संघात अकराच्या अकरा जागा गोऱ्यांना राखीव होत्या. त्यांना राखीव म्हणायचे नाही. त्याचे नाव 'राष्ट्रीय संघ'! केपटाऊनच्या बेसिल डॉलिव्हेराला खेळण्यासाठी देश सोडावा लागला. १९६८ साली तो इंग्लंडच्या संघातून मायदेशी येणार म्हणताच तिथल्या सरकारने तो संघच नाकारला. तेव्हा गुणवत्तेसाठी किती गोऱ्या प्रेक्षकांनी टाहो फोडला?

आणि आपण कुठल्या तोंडाने हसावे? मुंबईच्या चौरंगी सामन्यांत युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान असे धर्म-जातीवारच संघ होते. १९३७ साली 'इतर' आले. १९४६ साली हा प्रकार संपला. त्यांतल्या हिंदू संघाचा हुकमी गोलंदाज म्हणजे चर्मकार कुटुंबातले पाळवणकर बाळू. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखीत राखीत ते गोलंदाजी शिकले. तासन् तास साहेबांना चेंडू टाकले. फलंदाजीची संधी मात्र मिळाली नाही. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांनी घासून दिलेला चेंडू चाले. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. याहून निराळी गुणवत्ता कोणती? तरी कर्णधार म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी निषेध करून संघ सोडला, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. म्हणजे गुणवत्तेला दार उघडायला देखील धक्का लागलाच.

राखीव जागांत दोष नाहीत, असे मी म्हणत नाही. २०१५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बहरातल्या ॲबटला बसवून दुखापतीतून उठलेल्या फिलँडरला घेतले, तेव्हा वरून दडपण आल्याचा बोभाटा झाला. मंडळाने इन्कार केला. पण डाग बसला तो खेळाडूच्या कपाळावर. टेंबा बवुमालाही 'कोट्यातला' म्हणून हिणवले गेले. २०२५ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर तोच कर्णधार दुखऱ्या पायाने लंगडत ६६ धावांपर्यंत गेला, रबाडाने नऊ बळी टिपले आणि संघ कसोटीचा जगज्जेता झाला. पण जिंकले म्हणून दार उघडणे योग्य ठरले, असे नव्हे. हरले असते तरी ते न्यायाचेच होते. न्याय काही धावफलकावर मोजीत नाहीत.

आता घशातली गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी मी एका शाळेचा संघ निवडला. पूर्वेकडच्या पाड्यावरचा एक वारली मुलगा अनवाणी धावत येई आणि यष्ट्या उडवी. "बूट नाहीत, तालुक्याला हसे व्हायचे," असे म्हणून मी त्याला गाळले आणि बूट असलेला एका वाडीवाल्याचा मुलगा घेतला. यादीखाली माझ्याच अक्षरात लिहिले, 'निवड गुणवत्तेनुसार.'

दुसऱ्या दिवशी सरावाला तो आला. सीमेबाहेर उभा राहिला आणि बाहेर गेलेला चेंडू आम्हांला परत फेकीत राहिला. कुरकुर केली नाही.

वाचकहो, आफ्रिकेच्या संघाचा हिशेब सावकाश करू. आधी आपापल्या गावच्या मैदानावर जा, आणि सीमेबाहेर चेंडू कोण आणून देतो, ते पाहा.