वेगापलीकडचे वाशीम

५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. या मार्गाने वाशीम जिल्हा राजधानीच्या जवळ आला, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला हा जिल्हा दिसतो तरी कितीसा?

देखणा रस्ता म्हटला की सह्याद्रीचे घाट व कोकणच्या खाड्याच आठवाव्यात, असे नाही. पातूरहून मेडशीमार्गे मालेगावकडे येताना लागणारे डोंगर व सागाचे रान, रिसोडकडील पैनगंगेचे खोरे, शिरपूरचे जैन मंदिर, बंजारा समाजाची पोहरादेवी, आणि वाकाटकांची वत्सगुल्म नगरी म्हणजे खुद्द वाशीम, हे सारे जुन्या रस्त्यांवरच भेटते.

कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या परिसरातून जाताना महामार्गावर वन्य पशूंसाठी स्वतंत्र वाटा राखल्या, हे उचितच झाले. मग माणसांनीही वेगाची वाट सोडून जिल्ह्यात शिरावे, अशी सोय का नसावी? कारंजा, शेलूबाजार, मालेगाव येथे उतरण्याचे मार्ग आहेत. प्रश्न त्यांच्या पायथ्याशी सुरू होणाऱ्या रस्त्यांचा आहे. सार्वजनिक बांधकाम खाते व जिल्हा परिषद यांनी ते सुस्थितीत ठेवावेत, दुतर्फा झाडे लावावीत, दिशाफलक उभारावेत. मागास म्हणून ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यातून समृद्धी नुसती धावत जाणे पुरेसे नव्हे. तिने येथे क्षणभर थांबलेही पाहिजे.