पटिंगचा नेम: महागडी साधने घ्यावीत का?

पटिंगचा नेम सुधारण्यासाठी बाजारात आरसे, लेझर, खाचांच्या पट्ट्या असे बरेच काही मिळते. हौशी गोल्फरला त्याची गरज आहे का? बहुतेकांना नाही.

नेम नाजूक असतो हे मात्र खरे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. सपाट ग्रीनवर तीन मीटरवरून चेंडू फक्त एक अंशाने तिरका निघाला, तरी होलपाशी पोहोचेपर्यंत तो ५२ मिलिमीटर बाजूला सरकतो, म्हणजे थेट काठावर! सहा मीटरवरून अर्धा अंशही पुरतो. चेंडूची दिशा मुख्यतः पटरचे तोंड ठरवते आणि तिथेच डोळा फसतो.

पण हे तपासायला सरळ रेघ पुरते. पुणे-सातारा महामार्गावरच्या कामथडीहून येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर जायचे तर पुणे शहर ओलांडावे लागते. मग रोजचा सराव घरीच. तिथे फरशीची सांध आयतीच असते. तिच्यावर चेंडू ठेवा, पटरचे तोंड काटकोनात धरा आणि चेंडू सांध सोडतो का पाहा. (मोरीकडचा उतार टाळा.)

प्रत्यक्ष खेळात चेंडूवर पेनने काढलेली रेघ चालते. आरसा किंवा दांडी लावून पट मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड बसतो. शिवाय लांबच्या पटला दिशेपेक्षा वेग जास्त दगा देतो, पावसाळ्यातल्या ओल्या ग्रीनवर तर हमखास.

पैसे खर्चायचेच असतील तर साधा आरसा घ्या. डोळे चेंडूच्या बरोबर वर आहेत का, एवढे फरशी सांगत नाही.